परवानगी छापलेले पुस्तक

आज मी तुमच्याशी पुस्तकांविषयी बोलणार आहे. पण पुस्तकात काय लिहिले आहे त्याविषयी नव्हे. मुखपृष्ठ उलटले की पाठीमागच्या पानावर बारीक टाइपात दोन-चार ओळी असतात. त्या आपण सहसा वाचत नाही. हक्क कोणाचे, आणि परवानगीवाचून काय काय करता येणार नाही, हे तेथे लिहिलेले असते. महाविद्यालयातील माझी शिक्षकीची बत्तीस वर्षे त्या ओळींशी अडखळत गेली, म्हणून त्यांच्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

मी संख्याशास्त्र शिकवीत असे. तालुक्याच्या गावचे महाविद्यालय. १९९४ च्या जून महिन्यात पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आली. वडील कोरडवाहू शेतकरी. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले, आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतल्याबरोबर सगळे एकदम इंग्रजीत. आकडेमोडीत ती वर्गात कोणाला हार जात नसे. पण पुस्तकातले लांब वाक्य आले की थांबे. त्या विषयाचे चांगले म्हणावे असे पुस्तक आमच्या ग्रंथालयात एकच होते, तेही विलायती. त्याची प्रत एकच, ती कपाटात कुलूपबंद, आणि वर शिक्का मारलेला, ‘केवळ संदर्भासाठी’. म्हणजे वाचायचे ते तेथेच बसून. आणि हिच्या गावाकडची शेवटची एस.टी. पाच वाजता सुटे.

एके दिवशी ती मला म्हणाली, “सर, पुस्तक घरी न्यायला मिळालं नाही तरी चालेल. पण त्यातलं आपल्या भाषेत कोणी लिहून ठेवलेलं नाही का?”

मी ‘नाही’ म्हणालो, आणि त्याच रात्री लिहायला बसलो. दिवाळीपर्यंत नव्वद पाने झाली. मूळ पुस्तकाची पहिली चार प्रकरणे, सोप्या मराठीत. प्राचार्यांना दाखविली. त्यांना आनंद झाला, पण माणूस कायदा जाणणारा. म्हणाले, “छापू या की! पण आधी प्रकाशकांची परवानगी आणा.” मी पत्र लिहिले. चार महिन्यांनी उत्तर आले. भाषांतराच्या हक्कासाठी त्यांनी जी रक्कम मागितली होती तीत आमच्या विभागाची तीन वर्षांची पुस्तक-खरेदी झाली असती. त्यांना मी दोष देत नाही. कायदा त्यांच्या बाजूने होता आणि पुस्तके विकणे हा त्यांचा धंदाच होता. ती नव्वद पाने मी ट्रंकेत ठेवून दिली. ती मुलगी पदवीधर झाली, पण माझ्या तोंडी सांगण्यावर आणि स्वतःच्या चिकाटीवर; पुस्तक काही तिच्या हाती लागले नाही.

पुढे २०१४ साली एका तरुण सहकाऱ्याने संगणकावर एक पुस्तक उघडून मला दाखविले. संख्याशास्त्राचेच, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला चालेल असे, तेरा प्रकरणांचे. मी सवयीने आधी ते बारीक टाइपाचे पान पाहिले, आणि तेथे उलटेच लिहिलेले! आशय असा, की हे पुस्तक कोणीही घ्यावे, छापावे, वाटावे, भाषांतर करावे, त्यात बदल करावा. अट एकच, मूळ लेखकांचे नाव ठेवावे आणि काय बदलले ते सांगावे. मी ते पान दोनदा वाचले. वीस वर्षांपूर्वी ज्या परवानगीसाठी मी पत्र पाठवून चार महिने वाट पाहिली, ती येथे आधीच छापून ठेवलेली होती.

अशा पुस्तकांना, पाठांना, चित्रफितींना, प्रश्नसंचांना आज ‘मुक्त शैक्षणिक साधने’ म्हणतात. नाव जरा जड आहे. पण गोष्ट आपल्या शेतकरी श्रोत्यांना चटकन समजेल, कारण बियाण्याचा प्रश्न त्यांना ठाऊक आहे.

घरचे बी आणि दुकानातले संकरित बी यांत फरक काय? संकरित बी एका वर्षी पेरले, पीक भरघोस आले, पण त्याच पिकातले दाणे पुढल्या वर्षी पेरले तर ते गुण राहत नाहीत. दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. घरचे बी मात्र कणगीत ठेवता येते, पुन्हा पेरता येते, चांगली कणसे निवडून सुधारता येते, दुसऱ्या वाणाशी त्याचा मेळ घालून पाहता येतो, आणि शेजाऱ्याला पायलीभर देता येते. आपल्या देशात २००१ साली वनस्पतींच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यातही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क लिहून ठेवला आहे. फक्त कंपनीचे नाव लावून ते विकता येत नाही, इतकेच. आता गंमत पाहा. अमेरिकेतील डेव्हिड वायली नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी मुक्त पुस्तकाची ओळख म्हणून पाच हक्क सांगितले आहेत: जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. कणगीचेच हक्क की नाही?

आता तुम्ही म्हणाल, फुकट मिळाले म्हणजे झाले, हक्कांचा एवढा काथ्याकूट कशाला? तर फुकट आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालभारतीची शालेय पुस्तके आज संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतात. फार चांगली सोय आहे ती. पण त्याच पुस्तकांत असेही छापलेले असते, की संचालकांच्या लेखी परवानगीवाचून यातील कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे वाचायला फुकट आहे. पण एखाद्या आश्रमशाळेतील शिक्षकाने त्यातला धडा गोंडीत किंवा भिलीत उतरवून वाटायचा म्हटले, तर त्याला पत्रच लिहावे लागेल. पुष्कळ शिक्षकबंधू येथेच फसतात. पैसे लागले नाहीत म्हणजे सगळे करायची मुभा मिळाली असे त्यांना वाटते.

ही छापील परवानगीची कल्पना आली कोठून, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेने एप्रिल २००१ मध्ये जाहीर केले, की आपल्या सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य आपण इंटरनेटवर जगाला खुले करणार. त्याच वर्षी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था निघाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिने तयार परवाने लोकांपुढे ठेवले. परवाना म्हणजे लेखकाने आगाऊ सही करून ठेवलेले परवानगीचे पत्रच समजा. एक परवाना फक्त नाव ठेवा म्हणतो. दुसरा म्हणतो, बदल करा पण तुमचेही पुढे असेच मोकळे ठेवा. तिसरा म्हणतो, नफ्यासाठी वापरू नका. जुलै २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ हे नाव ठरले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने सदस्य-राष्ट्रांसाठी त्याची शिफारस संमत केली. असो. तारखा तुम्ही विसरलात तरी बिघडत नाही.

मला हाती लागलेल्या पुस्तकाची कथा मात्र विसरू नका. कॅलिफोर्नियात डी अँझा नावाचे महाविद्यालय आहे. मोठे विद्यापीठ नव्हे; नोकरी सांभाळून शिकणारी, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली मुले जेथे जातात त्या प्रकारचे. तेथे बार्बरा इलोव्हस्की आणि सुझन डीन या दोन शिक्षिकांनी आपल्या वर्गासाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. २००८ साली एका धर्मादाय निधीने त्याचे हक्क विकत घेतले, आणि ते कुलूपबंद न करता मोकळे करून टाकले! ह्यूस्टन शहरातल्या राइस विद्यापीठात रिचर्ड बरानियुक हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक १९९९ पासून अशा साहित्याचे भांडार उभे करीत होते, तेथे ते ठेवले गेले. पुढे त्याच विद्यापीठातून ‘ओपनस्टॅक्स’ या नावाने महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके निघू लागली, त्यांत २०१३ साली हे पुस्तक नव्याने निघाले. हक्क विकत घेऊन ते सोडून देणे, हा व्यवहार मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

तर आम्ही दोघे-तिघे ते पुस्तक घेऊन बसलो. पहिल्याच दिवशी ध्यानात आले, की नुसते भाषांतर करून भागणार नाही. उदाहरणे सगळी तिकडची. किमती डॉलरमध्ये, अंतर मैलांत, खेळ असे की त्यांचे नियम आम्हांलाच ठाऊक नाहीत. विद्यार्थ्याची निम्मी बुद्धी उदाहरण समजण्यातच खर्च होणार. येथे त्या पाच हक्कांपैकी तिसरा हक्क कामाला आला, बदलण्याचा.

प्रमाण विचलन म्हणून एक कल्पना आहे. सरासरी कळली तरी आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत हे कळत नाही. ते विचलन सांगते. आम्ही दोन गाई घेतल्या. पहिली पाच दिवस रोज सहा लिटर दूध देते. दुसरी एके दिवशी दोन, मग दहा, मग चार, मग आठ, मग सहा. दोघींची सरासरी सहाच. पण डेअरीला रोज सहा लिटरचा वायदा केलेल्या माणसाने कोणती गाय घ्यावी? हे विचारल्याबरोबर सगळा वर्ग हसला आणि समजला. मग गणित मांडायचे. दुसऱ्या गाईचे सरासरीपासूनचे फरक चार, चार, दोन, दोन आणि शून्य. त्यांचे वर्ग मिळवले की चाळीस. भागिले पाच, आठ. त्याचे वर्गमूळ सुमारे २.८३ लिटर. पहिल्या गाईचे विचलन शून्य. झाले!

आता ह्यात एक चूक होती, आणि ती मला तीन महिने दिसली नाही. आमची प्रकरणे आम्ही इतर महाविद्यालयांकडे पाठविली होती, त्याच परवान्याखाली. कोकणातल्या एका शिक्षिकेचे पत्र आले. “सर, पाच दिवस म्हणजे गाईचं सगळं आयुष्य नव्हे. तो नमुना आहे. नमुन्याला पाचानं नव्हे, चारानं भागायला हवं.” अगदी खरे. नमुन्यावरून सबंध समूहाचा अंदाज करायचा असतो तेव्हा संख्येतून एक वजा करून भागतात. मूळ पुस्तकातही तसेच होते. चाळीस भागिले चार, दहा; वर्गमूळ ३.१६. बत्तीस वर्षे शिकवूनही सोपे करण्याच्या नादात मी घसरलो होतो. बाईंनी चूक दाखविली एवढेच नव्हे, दुरुस्त पान स्वतः टाइप करून पाठविले, आणि जोडीला दापोलीकडच्या पावसाच्या नोंदींवर चार नवी उदाहरणे. विकत घेतलेल्या पुस्तकात चूक सापडली तर आपण समासात पेन्सिलीने खूण करतो, आणि ती आपल्याच प्रतीत राहते. येथे ती दुरुस्ती आठवड्याभरात सगळ्यांच्या प्रतीत गेली.

ह्यावर एक वाजवी शंका येते, आणि ती माझ्या एका जुन्या मित्राने मला तोंडावर विचारली. “अहो, सगळ्यांनाच बदलू दिलंत तर पुस्तकाचं काय होईल? ज्ञानेश्वरीचं झालं होतं तेच.” मित्र मराठीचे प्राध्यापक, नेमके बोट ठेवले. हातोहात नकला होत गेल्या, नकलणाऱ्यांनी आपापले शब्द घातले, पाठभेद माजले, आणि शेवटी एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक पोथ्या समोर ठेवून शुद्ध पाठ तयार करावा लागला. त्यांनी पुढच्यांना बजावलेही, की यात आता कोणी आपली भर घालू नये.

मी मित्राला म्हणालो, दाखला बरोबर आहे, पण दोन गोष्टी पाहा. संतकवीची वाणी आणि संख्याशास्त्राचे पाठ्यपुस्तक यांत फरक आहे. वाणीचा शब्द बदलायचा नसतो, पाठ्यपुस्तकातले उदाहरण बदलायचेच असते. आणि दुसरे म्हणजे पोथीत कोणी काय घातले त्याची नोंद नव्हती, म्हणून नाथांना ते कष्ट पडले. येथे मूळ पुस्तक राइस विद्यापीठाच्या भांडारात जसेच्या तसे आहे. माझ्या प्रतीवर माझे नाव आहे, बाईंच्या उदाहरणांवर त्यांचे. मित्राचे पुरते समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झालेले नाही. वाईट भाषांतरे निघतील, निघतातच. आता तर यंत्रही भाषांतर करते. मी एकदा एक पान यंत्राला दिले, तर ‘प्रसामान्य वितरण’ ह्याऐवजी त्याने ‘सामान्य वाटप’ लिहिले, जणू रेशनच्या दुकानात ज्वारी वाटली जात होती. विषय जाणणाऱ्या माणसाने वाचून दुरुस्त केल्याशिवाय असले काही मुलांच्या हाती देऊ नये.

नावाचा मुद्दा आला आहे म्हणून थोडे थांबतो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथले दादाजी खोब्रागडे, अल्पभूधारक शेतकरी, शाळा जेमतेम शिकलेले. १९८३ साली धानाच्या शेतात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या, आणि एक बारीक, चवदार वाण तयार केला. त्या काळी एच.एम.टी. घड्याळाचे कौतुक होते, म्हणून वाणाचे नावही एच.एम.टी. पडले. बी त्यांनी मागेल त्याला दिले. ते शेतोशेती गेले, संशोधनकेंद्रातही गेले, आणि तेथून शुद्ध करून नव्या नावाने बाहेर आले. श्रेय कोणाचे यावर वाद झाला. पुरस्कार, सन्मान मिळाले, पण दादाजी २०१८ साली वारले तोवर दारिद्र्य काही सुटले नव्हते. मोकळ्या हाताने देणाऱ्याचे नाव पुसले जाते, ही भीती खरी आहे. म्हणून परवान्यातली ती नाव ठेवण्याची अट मला सर्वांत मोलाची वाटते. नाव गाळलेत तर परवानगीच संपते.

आता कोणी म्हणेल, परवानगी नसताना आपली मुले झेरॉक्स काढतातच ना? काढतात. त्यावरून दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात झेरॉक्सचे एक लहानसे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतली पाने एकत्र करून ते विद्यार्थ्यांना संच देई. ऑगस्ट २०१२ मध्ये तीन विलायती प्रकाशनसंस्थांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी आणि प्राध्यापक दुकानदाराच्या बाजूने उभे राहिले. एवढेच काय, ज्यांच्या पुस्तकांतली पाने त्या संचांत होती त्यांपैकी काही लेखकांनीसुद्धा प्रकाशकांना कळविले, की आमच्या नावाने हे करू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात शिकविण्याच्या ओघात नक्कल करण्यास सूट आहे, आणि ग्रंथस्वामित्व हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असे त्यांनी म्हटले. डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ते तत्त्व मान्य केले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

शिक्षकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. पण त्याने माझी ट्रंक उघडली नाही. शिकविताना नक्कल करण्याची ती सूट आहे. सबंध प्रकरणांचे मराठी पुस्तक करून गावोगाव पाठविण्याची नव्हे. ज्या मुलाला पुस्तकाची भाषाच अडते, त्याला झेरॉक्स काढून दिली तरी ती इंग्रजीचीच झेरॉक्स. दिल्लीच्या मुलांचा प्रश्न पानांच्या किमतीचा होता. आमच्या मुलीचा प्रश्न भाषेचा होता.

आणि वाट पाहून हक्क संपतील म्हणावे, तर आपल्या कायद्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे ते राहतात. पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपली तेव्हा, १९९२ साली, ती साठ केली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके कोणालाही छापता येतात. ललित साहित्याला साठ वर्षांनी काही होत नाही. ‘श्यामची आई’ आजही ताजी आहे. पण साठ वर्षांपूर्वीचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक हाती देऊन आजच्या मुलाने काय करायचे?

हे सगळे करायला पैसे कोण देणार, हा प्रश्न राहतोच. लेखकालाही घर आहे. ओपनस्टॅक्सला मोठ्या धर्मादाय निधींनी पैसे दिले. आपल्याकडे २००३ साली आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ची व्याख्याने सुरू केली, ती केंद्र सरकारच्या पैशाने, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. एकदा लोकांनी पैसे दिले, की दुसऱ्यांदा तेच ज्ञान त्यांना विकत घ्यायला लावू नये, असे माझे सरळ मत आहे. शिक्षकाचे म्हणाल, तर त्याला पगार मिळतो. त्याला हवी असते ती त्या श्रमाची नोंद. बढतीच्या कागदांत परदेशी नियतकालिकातल्या चार पानांना गुण मिळतात, आणि विद्यार्थ्यांसाठी दोनशे पाने मराठीत आणणाऱ्याला कोणी विचारीत नाही, हे मी स्वतः भोगले आहे. कोठे ते सांगत नाही.

ही साधने मिळतात कोठे, असे पुष्कळजण विचारतात. एनपीटेलचे आणि २०१७ साली निघालेल्या ‘स्वयम्’चे पाठ उत्तम आहेत, पण बहुतेक इंग्रजीत. पवईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ म्हणून संगणकाचे छोटे-छोटे पाठ केले आहेत. दहा-बारा मिनिटांचा पाठ, पडद्यावर कृती चाललेली, शेजारी आपण तीच करीत जायची. अनेक पाठांत आवाज चक्क मराठी, आणि परवाना मोकळा. तालुक्याच्या मुलांना मी आधी हेच दाखवितो. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो आज मोबाइलवर वाचता येतो. काहीही उतरवून घेण्याआधी बारीक टाइप पाहा, एवढेच सांगेन. तेथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ असे शब्द दिसले तर पुढे वाचा, कोणती अट आहे ते. काहीच लिहिलेले नसेल तर परवानगी नाही असे समजा. मुभा आहे असे समजू नका.

मोबाइलच्या पडद्यावर आठशे पानांचे पुस्तक वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. आम्ही लागेल तेवढेच प्रकरण झेरॉक्सवाल्याकडे नेऊन छापतो आणि दाभणाने शिवतो. खेड्यावर जाणाऱ्या मुलाला ते एस.टी.त वाचता येते, आणि रेंज असो-नसो, पाने आपल्या जागी असतात.

परवा नाशिककडच्या एका महाविद्यालयात गेलो होतो. तेथे आमच्याच प्रकरणांची शिवलेली प्रत विद्यार्थ्यांच्या हाती दिसली. उघडून पाहतो तो माझ्या दोन गाई गेलेल्या! त्यांच्या जागी द्राक्षांच्या दोन बागा, घडांची वजने, आणि व्यापाऱ्याचा सौदा. क्षणभर वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. मग शेवटचे पान पाहिले. कॅलिफोर्नियाच्या दोघी बाई, कोकणच्या बाई, मी आणि तेथले दोन तरुण शिक्षक, अशी नावे ओळीने होती.

ट्रंकेतली १९९४ ची नव्वद पाने अजून ट्रंकेतच आहेत. मूळ लेखक सुखरूप आहेत. देव त्यांना शंभर वर्षे आयुष्य देवो. मोकळ्या पुस्तकाची बारा प्रकरणे मात्र मराठीत झाली. तेरावे, प्रसरण विश्लेषणाचे, राहिले आहे. शेतीच्या प्रयोगात चार खतांपैकी कोणते खरोखर चांगले आणि कोणते नुसते नशिबाने चांगले दिसले, हे ठरविण्याची रीत त्यात आहे. माझ्या डोळ्यांना आता तेवढे होत नाही. कृषी महाविद्यालयातल्या कोणी ते हाती घेतले तर बरे होईल. मला विचारण्याची गरज नाही. परवानगी पुस्तकाच्या पहिल्या पानांतच छापलेली आहे.